दूध कुठे गेलं?

आम्हाला इंग्रजीच्या पेपरात जॉर्ज ऑरवेलची ‘ॲनिमल फार्म’ ही कादंबरी आहे. ज्यांना ती नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. इंग्लंडमधल्या एका शेतावरची जनावरं आपल्या दारुड्या मालकाला हाकलून लावतात आणि शेत स्वतःच चालवायला घेतात. सगळे समान, सगळे मिळून राबणार, सगळे मिळून खाणार, असं ठरतं. सात नियम कोठाराच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिले जातात. डुकरं हुशार, म्हणून कारभार ती बघू लागतात. पुढे तीच डुकरं मालकाच्या घरात राहायला जातात, त्याच्या पलंगावर झोपतात, त्याची दारू पितात, आणि शेवटी त्यांच्यात आणि जुन्या मालकात काही फरक उरत नाही. पुस्तक शंभरेक पानांचं आहे. म्हापशाहून पणजीला बसने येताजाता दोन-तीन दिवसांत वाचून होतं.

वर्गात मात्र ते वाचायला आम्हाला दोन महिने लागले. दोन महिन्यांनंतर प्रत्येकाच्या वहीत काय होतं? दोन रकाने. डावीकडे जनावर, उजवीकडे माणूस. नेपोलियन म्हणजे स्टालिन. स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की. मिस्टर जोन्स म्हणजे रशियाचा झार. बॉक्सर घोडा म्हणजे कष्टकरी वर्ग. कुत्रे म्हणजे गुप्त पोलीस. स्क्वीलर म्हणजे सरकारी प्रचार. परीक्षेत ‘रूपककथा म्हणून ॲनिमल फार्म’ असा प्रश्न ठरलेला, आणि हे रकाने पाठ असले की चांगले गुण मिळतात. मलाही मिळाले.

हे रकाने चुकीचे आहेत असं माझं म्हणणं नाही. ते बरोबरच आहेत आणि लागतातही. ते माहीत नसतील तर पुस्तकामागचं धाडस कळत नाही. ऑरवेल, म्हणजे एरिक आर्थर ब्लेअर, जन्मला आपल्या देशात, १९०३ साली बिहारमधल्या मोतीहारीला. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. तो स्वतः पाच वर्षं ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. म्हणजे सत्तेची काठी त्याने आधी स्वतःच्या हातात धरून बघितली होती. मग १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात तो लढला, गळ्यात गोळी लागली, आणि ज्यांच्या बाजूने लढला त्यांच्यातलेच स्टालिनवादी लोक त्याच्या साथीदारांना गद्दार ठरवून तुरुंगात टाकताहेत हे त्याने पाहिलं. त्यातून हे पुस्तक आलं. लिहिलं १९४३-४४ च्या हिवाळ्यात. तेव्हा रशिया हा इंग्लंडचा मित्रदेश होता. स्टालिनवर टीका कुणालाच नको होती. एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. शेवटी १७ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे युद्ध संपता संपता, ते छापून आलं.

सरळ बोलता येत नाही तेव्हा लेखक रूपक हाताशी धरतो. हे आपल्याला नवीन नाही. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आलं. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही दिसला, म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तिथेही कुणी तरी मनातल्या मनात दोन रकाने आखलेच होते.

आणि ऑरवेल स्वतः या जुळणीबाबत किती काटेकोर होता त्याची एक गोष्ट आहे. पवनचक्की उडवली जाते तेव्हा सगळी जनावरं, नेपोलियनसकट, जमिनीवर पालथी पडतात असं त्याने आधी लिहिलं होतं. पुस्तक छपाईच्या वाटेवर असताना त्याने ते बदलून ‘नेपोलियन सोडून’ असं करायला सांगितलं. कारण जर्मन सैन्य जवळ आलं तरी स्टालिन मॉस्को सोडून पळाला नव्हता. ज्याच्यावर आपण टीका करतोय त्याच्यावरही अन्याय होऊ नये, एवढी ही काळजी. निंदा आणि टीका यांतला फरक मला या एका दुरुस्तीने जेवढा कळला तेवढा व्याख्यांनी कळला नाही.

मग माझी तक्रार काय आहे? तक्रार ही, की रकाने भरून झाले की पुस्तक मिटतं. सगळा दोष रशियात जाऊन बसतो, तोही ऐंशी-शंभर वर्षांपूर्वीच्या. आपण हात धुऊन मोकळे.

आमच्या वर्गाने यावर एक उपाय शोधला होता. मॅडमनी विचारलं, “आजच्या काळात याचा काय संबंध?” वर्गात एकदम जीव आला. कुणी म्हणालं, लांब कशाला जायचं, आपल्या गोव्यातच बघा. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही म्हणून देवळात, खुरसासमोर आणि दर्ग्यात अशा तीन ठिकाणी शपथ घेतली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. मग काय, हशा आणि टाळ्या. दुसऱ्याने आणखी एक नाव घेतलं, तिसऱ्याने सरपंचाचं घेतलं. तास कसा संपला कळलंच नाही.

मीही हसले. पण घरी जाताना वाटलं, आपण नवीन काय केलं? उजवा रकाना पुसला आणि त्यात इथली नावं भरली, एवढंच. डुक्कर कोण, या प्रश्नाचं उत्तर आपण नेहमीच दुसरीकडे बोट दाखवून देतो. कुसळ आणि मुसळ म्हणतात तसं. त्या पंचेचाळीस मिनिटांत कुणाचंही बोट स्वतःकडे वळलं नाही. कारण प्रश्नच तसा नव्हता.

मला वाटतं, प्रश्न बदलायला हवा. ‘नेपोलियन कोण?’ हा नको. ‘दूध कुठे गेलं, आणि तेव्हा बाकीचे काय करत होते?’ हा हवा.

दुधाची गोष्ट पुस्तकात अगदी सुरुवातीला येते. क्रांतीचा पहिलाच दिवस. गाईंचं दूध काढलं जातं, पाच बादल्या भरतात. कुणी तरी विचारतं, या दुधाचं काय करायचं? नेपोलियन बादल्यांसमोर उभा राहतो आणि म्हणतो, ते नंतर बघू, आधी गवत कापायचं काम महत्त्वाचं. सगळे उत्साहाने शेतात जातात. संध्याकाळी परत येतात तर दूध नाही. एवढंच. कुणी ओरडत नाही, कुणी भांडत नाही. पुढे कळतं की दूध रोज डुकरांच्या खाण्यात जातं. मग झाडावरून पडलेली सफरचंदंही त्यांच्याकडेच जायला लागतात. स्क्वीलर येऊन समजावतो, की डुकरांना दूध काही आवडत नाही, ती बिचारी डोक्याचं काम करतात, त्यांची तब्येत सगळ्यांच्या भल्यासाठी नीट राहायला हवी, नाहीतर जोन्स परत येईल. जोन्स परत यावा असं कुणाला वाटणार? विषय संपला.

परीक्षेच्या दृष्टीने हा प्रसंग किरकोळ आहे. नोट्समध्ये याला एक ओळ मिळते. पण ऑरवेलने १९४६ च्या डिसेंबरात ड्वाइट मॅक्डोनाल्ड या अमेरिकन संपादकाला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितलं आहे, की गोष्टीचं वळण इथेच आहे. डुकरांनी दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवली तेव्हाच बाकीच्या जनावरांनी पाय रोवून नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, अशा अर्थाचं. कुत्रे नंतर येतात. कबुलीजबाब आणि रक्तपात त्याच्याही नंतर. दुधाच्या वेळी कुणाला भीती नव्हती. नेपोलियनकडे तेव्हा एकही कुत्रा नव्हता. विचारायला काहीच पडत नव्हतं, आणि तरीही कुणी नेट लावून विचारलं नाही.

आणखी एक बारकी गोष्ट. स्नोबॉल आपल्याला आवडतो. तो शिकवतो, योजना आखतो, पुढे त्याच्यावर अन्याय होतो. पण सफरचंदांच्या बाबतीत स्नोबॉल आणि नेपोलियन यांचं पूर्ण एकमत होतं. एरवी प्रत्येक गोष्टीवर भांडणारे हे दोघे, आपल्या ताटात जास्त पडतंय म्हटल्यावर गप्प. म्हणजे ‘चांगलं डुक्कर’ सत्तेवर असतं तर सगळं नीट झालं असतं, असं हे पुस्तक म्हणत नाही. गंमत म्हणजे ज्या प्रकाशनसंस्थांनी हस्तलिखित नाकारलं त्यांतल्या एकीत कवी टी. एस. एलियट होता, आणि त्याचं मत साधारण असंच पडलं होतं: डुकरं सगळ्यांत हुशार होती तर शेत चालवायला तीच योग्य, फक्त ती जरा लोकांचं भलं बघणारी हवी होती. एवढा मोठा कवी, पण इथे मला त्याचं पटत नाही. भलं बघणाऱ्यांनीही दूध प्यायलंच की. गरज होती ती विचारणाऱ्यांची.

आता विचारणारे कोण असू शकले असते? इथे मला हे पुस्तक साहित्य मंडळाच्या अगदी दारात आलेलं दिसतं. कारण त्या शेतावर साक्षरतेचे वर्ग चालतात, आणि कुणाला किती वाचता येतं याचा हिशोब ऑरवेलने चोख दिला आहे. बॉक्सर पहिल्या चार अक्षरांपुढे जात नाही. क्लोव्हर घोडीला अक्षरं येतात, पण शब्द जुळवता येत नाहीत. म्युरिएल शेळीला बऱ्यापैकी वाचता येतं. आणि बेंजामिन गाढवाला तर डुकरांइतकंच चांगलं येतं, पण वाचण्यासारखं काही नाहीच, असं म्हणून तो वाचत नाही.

भिंतीवरचे नियम बदलत जातात ते या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुठलाही नियम एकदम पुसला जात नाही. पलंगाच्या नियमात चादरीचा उल्लेख वाढतो. दारूच्या नियमात प्रमाणाचा. जीव घेण्याच्या नियमात कारणाचा. एकेक-दोनदोन शब्द. क्लोव्हरला शंका येते, ती म्युरिएलला वाचायला सांगते, म्युरिएल भिंतीवर जे आहे ते वाचते, आणि क्लोव्हर म्हणते, आपल्याच लक्षात राहिलं नसेल. एका रात्री स्क्वीलर शिडीवरून पडतो, शेजारी कंदील, ब्रश आणि सांडलेला पांढरा रंग. एवढा पुरावा समोर असूनही कुणाला काही कळत नाही. फक्त बेंजामिनला कळतं. तो मान हलवतो आणि गप्प बसतो.

बेंजामिन पहिल्यांदा मोठ्याने वाचतो तो बॉक्सरला न्यायला गाडी येते तेव्हा. दवाखान्यात नेतोय असं सांगितलेलं असतं. गाडीवर मात्र घोडे कापणाऱ्या खाटकाची पाटी असते. तो धावत येतो, वाचून दाखवतो. पण तोवर दार लागलेलं असतं. या प्रसंगाला वर्गात दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. बॉक्सरसाठी आलं असणार. मला जास्त वाईट वाटलं ते गाढवाचं. कारण त्याला सगळं वाचता येत होतं आणि त्याने ते योग्य वेळी वाचलं नाही.

आता मला एक गोष्ट कबूल करायची आहे. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आपल्या मंडळाच्या खोलीबाहेर फलक आहे. त्यावर जुन्या कुठल्या तरी बॅचने कार्डशीटवर काळ्या मार्करने लिहिलेले पाच नियम आहेत. तिसरा नियम असा: अंकासाठी आलेलं लेखन निवड समिती नाव झाकून वाचेल. गेल्या वर्षी मी मंडळाची सचिव होते. अंकाला वेळ थोडा होता, लेखन बरंच आलं होतं. नावं झाकायची म्हणजे प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, यादी वेगळी ठेवायची, सगळी उस्तवार. शिवाय समितीतल्या आम्ही पाचही जणांनी स्वतःच्या कविता दिल्या होत्या. कुणी तरी म्हणालं, “अगं, वर्षभर राबतो आपण. आपलंच काही आलं नाही तर पुढच्या वर्षी हे सगळं करायला येणार कोण?” आम्हाला ते पटलं. मंडळाच्या भल्याचंच होतं ना. मी मार्कर घेतला, ‘लेखन’ या शब्दानंतर हंसपदाची खूण केली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: ‘शक्यतो’.

कुणी काही विचारलं नाही. अंकात कविता आल्या अकरा, त्यांतल्या पाच आमच्या पाच जणांच्या. माझीही होती. ती कविता सुमार आहे. मला तेव्हाही माहीत होतं. आणि पहिल्या वर्षाच्या एका सत्तरीच्या मुलीची कथा राहून गेली. काजूच्या हंगामात बागेत बोंडं वेचायला जाणाऱ्या आजीची कथा होती, आणि चांगली होती. कागदावर नाव बघून आम्ही म्हटलं, ही कोण, नवीन दिसते, पुढच्या वर्षी बघू. ती मुलगी नंतर मंडळात आली नाही. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

यंदा मॅडम पलंगाचा आणि चादरीचा भाग शिकवत होत्या. सगळे हसत होते, कारण तो भाग खरंच विनोदी आहे. मला मात्र पुढचं काही लिहून घेता येईना. रकाने मी पाठ केले होते आणि स्क्वीलरसमोर ‘प्रचार’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलंही होतं. त्याच अक्षरात मी तो ‘शक्यतो’ लिहिला होता.

त्या मुलीला मी बसस्टँडवर गाठलं. सगळं सांगितलं आणि विचारलं, तू तो फलक वाचला होतास का? म्हणाली, “वाचला होता. मला वाटलं, तो शब्द आधीपासूनच असेल.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि नसता तरी मी नवीन. मी कुणाला विचारणार होते?” कदंबा लागली, ती गेली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही, आणि ते मागण्याचा मला हक्क होता असंही नाही.

माझ्याच वर्गातल्या एका मित्रालाही मी हे सांगितलं. तो वाचणारा आहे, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. तो हसला. “मी त्याच दिवशी बघितलं होतं. शाई नवीन होती. पण तुम्हाला सांगून काय उपयोग? मंडळं सगळी अशीच.” मी त्याला गाढव म्हणाले नाही. मैत्री आहे. पण तो हा लेख वाचेल.

यावर कुणी म्हणेल, हे जरा अतीच होतंय. कुठे रशियातले लाखो बळी आणि कुठे तुमच्या अंकातल्या अकरा कविता! हा आक्षेप रास्त आहे, आणि मी दोन्ही गोष्टी एका तागडीत घालत नाही. कॉलेजच्या मंडळात काही झालं तरी कुणाचा जीव जात नाही. एक कथा राहते, एक मुलगी यायची बंद होते. पण ऑरवेलने गोष्टीची सुरुवात कत्तलीपासून केली नाही, बादलीभर दुधापासून केली, याला काही अर्थ असेल ना? कत्तलीच्या वेळी काय करायचं हे आपल्यापैकी बहुतेकांना कधी ठरवावं लागणार नाही, आणि लागू नये. दुधाच्या वेळी काय करायचं हे मात्र दर महिन्याला ठरवावं लागतं. वर्गणीच्या हिशोबात, ग्रुप प्रोजेक्टच्या गुणांत, स्नेहसंमेलनाच्या पासांत. सवय तिथेच लागते, गप्प बसण्याची किंवा विचारण्याची.

दुसरा आक्षेप माझ्या मित्राचा. सगळे सारखेच, सत्ता आली की सगळे बिघडतात, हेच तर पुस्तक सांगतं, मग धडपड कशाला? पुष्कळ जण हे पुस्तक मिटताना याच निष्कर्षावर येतात. मला तो चुकीचा वाटतो. ते मत ऑरवेलचं नाही, बेंजामिनचं आहे, आणि बेंजामिनच्या त्या मताची किंमत बॉक्सरने मोजली. याच पुस्तकाचा दुसऱ्या टोकाचा वापरही झालेला आहे. १९५४ साली यावर इंग्लंडमध्ये ॲनिमेशनपट निघाला, त्याला अमेरिकेच्या सीआयएचा छुपा पैसा होता, आणि त्यात शेवट बदलून जनावरं डुकरांविरुद्ध उठतात असं दाखवलं आहे. सत्तेने भिंतीवरचा मजकूर कसा बदलला हे सांगणाऱ्या पुस्तकाचाच मजकूर दुसऱ्या एका सत्तेने आपल्या सोयीने बदलून घेतला! ऑरवेल तेव्हा हयात नव्हता. मूळ पुस्तक ज्याने वाचलं नाही त्याला हा बदल कळणारही नाही. म्हणून मूळ वाचायचं, नोट्स नंतर.

आमच्या मॅडमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पुस्तकात मोझेस नावाचा डोमकावळा आहे. मेल्यावर जनावरं साखरेच्या डोंगरावर जातात, तिथे बारा महिने हिरवा चारा असतो, असं तो सांगत फिरतो. आधी डुकरांना तो नको असतो. पुढे तो परत आल्यावर ती त्याला राहू देतात, रोज थोडी बिअरही पाजतात. नोट्समध्ये त्याच्यासमोर ‘चर्च’ असं लिहिलेलं असतं. आमचं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं, वर्गाच्या भिंतीवर खुरीस. हा भाग मॅडम घाईघाईने उरकतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी पूर्ण तास घेतला. म्हणाल्या, उपाशी माणसाला उद्याच्या सुखाची गोष्ट सांगून आजचा अन्याय सोसायला लावणं, हे धर्माच्या नावाने झालेलं आहे, आणि ते झालं असं म्हणायला धर्म मानणाऱ्याला लाज वाटायला नको. मग त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला: बिअर कोण पाजतं, हे तुमच्यापैकी किती जणांनी टिपून ठेवलं? कुणीच ठेवलं नव्हतं.

मला वाटतं, हे पुस्तक शिकवावं तर असं. शिकवणाऱ्यानेही थोडं स्वतःला त्यात घालून. पेपर काढणाऱ्यांना काही सांगण्याएवढी मी मोठी नाही, पण ‘जोड्या लावा’ छापाच्या प्रश्नाशेजारी एखादा असाही प्रश्न असावा: दूध नाहीसं झालं त्या संध्याकाळी तुम्ही त्या शेतावर असता, तर कुणाला काय विचारलं असतं? उत्तर पाठ करता येणार नाही. तपासायला त्रास होईल. होऊ दे.

आणि आपल्या मंडळापुरतं सांगायचं तर वार्षिक सभेत मी तीन सूचना मांडणार आहे. पहिली, तो ‘शक्यतो’ सगळ्यांसमोर खोडावा, आणि खोडलेला दिसेल असाच राहू द्यावा. नवीन कार्डशीट लावू नये. दुसरी, नियम बदलायचा तर सभेत, तारीख आणि बदलणाऱ्यांची नावं लिहून. तिसरी, निवड समितीत असणाऱ्यांनी त्या अंकासाठी स्वतःचं लेखन देऊ नये; दिलंच तर ते समितीबाहेरच्यांनी वाचावं. तिसरी सूचना पटणार नाही असं समितीतल्या दोघांनी आत्ताच सांगितलं आहे. सभेत त्यावर वाद व्हावा. मला त्यात हरायलाही चालेल, फक्त सगळ्यांनी तोंड उघडावं.

त्या मुलीने कथा यंदा परत दिली आहे की नाही, मला माहीत नाही. मी समितीत नाही, आणि असते तरी कळता कामा नये. हा लेखही मी नाव न घालता, नुसता क्रमांक घेऊन दिला आहे. तो तुमच्यापर्यंत पोचला असेल तर निवड झाल्यावर कुणी तरी यादी उघडून खाली माझं नाव घातलं असेल.

तेवढं वाचून झालं की एकदा मंडळाच्या खोलीपाशी जा आणि फलक वाचा. पाचही नियम. मी एकच शब्द घातला होता. त्याआधी कुणी काही घातलं होतं का, ते मला सांगता येणार नाही, कारण तोवर मीही तो कधी नीट वाचला नव्हता.